मेढीखालचे सात आकडे

महायुद्ध संपलं तेव्हा सरकारजवळ विजय आणि सामान अशा दोनच गोष्टी उरल्या होत्या. विजय वाटता येईना, म्हणून सामान विकायला काढलं. कल्याणच्या लष्करी कँपात लिलाव होत आणि आमच्या ठाण्यातली मंडळी तिथून काही ना काही घेऊन येत. कुणी ब्लँकेटं आणली, कुणी तंबूचं कापड आणून त्याच्या चड्ड्या शिवल्या. एकाने नुसते डाव्या पायाचे अडतीस बूट आणले. उजव्या पायाचे पुढच्या लिलावात निघतील असं त्याला सांगण्यात आलं होतं. माझा शेजारी गुरुदत्त कर्णिक याने आणलं सुरुंग शोधायचं यंत्र.

यंत्र म्हणजे एक लांब दांडा, टोकाला ताटाएवढी थाळी, पाठीवर बांधायची पेटी आणि कानांना लावायच्या दोन डब्या. चालू केलं की कानात डास गुणगुणावा तसा आवाज येई. थाळीखाली जमिनीत धातू असला की तोच डास चिडून किंचाळे.

"ठाण्यात सुरुंग कुठे आहेत?" त्याची बायको प्रमोदिनी हिने उंबऱ्यातच विचारलं.

"सुरुंग नसतील, सोनं असेल," गुरुदत्त म्हणाला. "अगं, इथे शिलाहार होते, पोर्तुगीज होते, मराठे होते, इंग्रज होते. एवढे लोक आले नि गेले. कुणाच्या तरी खिशातून काहीतरी पडलं असेलच की."

पाच वर्षं तो रविवारचा फिरला. तळ्याचे काठ झाले, किल्ल्याची बाजू झाली, माजिवड्याची शेतं झाली. त्याला सापडलेल्या वस्तूंत बैलांचे नाल होते, खिळे होते, एका इस्त्रीचं बूड होतं आणि परसातल्या आळवाखाली प्रमोदिनीचा हरवलेला बत्ता होता. बत्ता सापडला त्या दिवशी तिने यंत्राला घरात जागा दिली. गुरुदत्तला तोवर होतीच.

मी त्या वेळी मामलेदार कचेरीत कारकून होतो. आमचे मामलेदार रावसाहेब म्हणून ओळखले जात. वाळक्या अंगाचे, मऊ बोलणारे, आणि जुन्या नाण्यांचे वेडे. टेबलाच्या खणात शिक्क्यांशेजारी त्यांची नाण्यांची डबी असे. फिर्यादी रडायला लागला की ते एखादं नाणं बोटांत फिरवत बसत. त्यांच्यासमोर बावन्न सालच्या हिवाळ्यात बाळकुमचं प्रकरण आलं.

अर्जदार होते हरिहरराव चौबळ. बाळकुमात खाडीकडच्या वाटेवर त्यांची जमीन होती आणि मुंबईच्या एका पेढीला तिथे गोदाम बांधायचं होतं. जमीन मोकळी हवी, अशी पेढीची अट होती. जमिनीच्या बरोबर मधोमध सखुबाईचं घर होतं. सखुबाई विधवा, मुलगा दगडू मिठागरावर कामाला, आणि सून मालन आठ महिन्यांपूर्वी घरात आलेली. एवढं कुटुंब. घर कुडाचं, वर कौलं, काथ्याने बांधलेलं. सगळ्या घरात लोखंडी खिळा म्हणून नव्हता.

नवा कुळकायदा असं सांगत होता की, जमीन मालकाची असली तरी तिच्यावरचं घर कुळाने किंवा कुळाच्या वाडवडिलांनी आपल्या खर्चाने बांधलेलं असेल, तर त्याला तिथून उठवता येत नाही. म्हणजे सगळा प्रश्न घर कोणी बांधलं एवढाच होता. कागद कुणाकडेच नव्हता.

हरिहरराव वकिलीच्या परीक्षेला दोनदा बसले होते, त्यामुळे त्यांना कायदा दुप्पट येई.

"घर माझ्या आजोबांनी बांधलं," त्यांनी कचेरीत उभं राहून सांगितलं. "आंब्यांच्या राखणीला माणूस हवा होता, त्याच्यासाठी. आणि उगीच नाही बांधलं. भटजी बोलावून वास्तुशांत केली. आग्नेय कोपऱ्यात तांब्याच्या पेटीत चांदीची वास्तुप्रतिमा नि पंचरत्नं पुरली. आमच्या घराण्यात गोठासुद्धा वास्तुशांतीशिवाय बांधत नाहीत."

हे सांगायची काही गरज नव्हती. पण खोटं बोलणाऱ्याला ते नागडं पाठवायला लाज वाटते, त्यामुळे तो त्याच्या अंगावर दागिने घालतो, आणि मग दागिन्यांवरूनच ते ओळखू येतं.

रावसाहेबांनी खणातलं नाणं खाली ठेवलं. "म्हणजे ज्याने घर बांधलं, त्याला खाली काय पुरलंय ते ठाऊक असणार."

"अर्थात," हरिहरराव म्हणाले.

"सखुबाई, तुम्ही सांगा. तुमच्या लोकांनी घराखाली काय पुरलंय?"

सखुबाई खांबाला टेकून उभी होती. काळीसावळी, ठेंगणी, साठीची. कासोटा घट्ट मारलेला. बाळकुमात देवाला आणि जमीनदाराला एकाच सर्वनामाने हाक मारतात, आणि मामलेदारासाठी दुसरं सर्वनाम शोधण्याची तिला गरज वाटली नाही.

"ठावं हाय मना. पन मी नाय सांगनार तुला."

"का?"

"ती सांगायची गोष्ट नाय. सासू सुनेला सांगते. मना माजे सासूनी सांगलं, तिला तिचे सासूनी. पुरुसाला सांगत नाय. माजा दादला मेला, त्याला बी ठावं नव्हतं. तू तं परका."

"बाई, तुम्ही सांगितलं नाहीत तर घर जाईल," रावसाहेब मऊपणे म्हणाले. "माझ्यापुढे दुसरा पुरावाच नाही."

"घर जाईल कसा? मी बसलंय ना त्याच्यान."

हरिहरराव हसले. "ठाऊक असेल तर सांगेल ना! रावसाहेब, हे राखणदार लोक. ह्यांच्या वाडवडिलांनी काय पुरायचं? मडकं?"

सखुबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराशी पदर दातांत धरून उभ्या असलेल्या सुनेला तिने हाक मारली.

"मालन, हिकरं ये गो. तुला लगीन होऊन आठ म्हयने झालं. तुला सांगायचा व्हता, राह्यला. आता ऐक."

आणि खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी त्या आवाजात ती सुनेच्या कानात बोलू लागली.

"लिहून घ्या," रावसाहेब मला म्हणाले.

"रावसाहेब, त्या आपल्याशी बोलत नाहीयेत."

"मग आपणही त्यांच्याकडून लिहून घेत नाही आहोत. कानावर पडतंय तेवढं लिहा."

"ही साक्षच नव्हे!" हरिहरराव उठले. "ह्याला कायद्यात नावच नाही!"

"तू मधी बोलू नको," सखुबाई मान न वळवता म्हणाली. "आमचे घरातला बोलना चाल्लाय. हां, मालन. आपले घराची मुहूर्तमेढ कनची, तुला ठावं हाय. मधली, चुलीपासची. तिचे बुडाला हातभर खाली तांब्याची गडवी हाय. पयली म्हातारी न् तिचा दादला हिकरं आली तवा नुसती खारट जमीन व्हती. दादल्यानी खड्डा खनला न् बोलला, चांदी टाकल्याबिगर मेढ रोवायची नाय. पैसा तं नव्हता. मंग म्हातारीनी केस सोरलं, न् केसातलं आकडं काढून गडवीन टाकलं. सात. चांदीचं. त्याच्यावर मेढ. मेढ कुजली तं सुनेनी काढायचा, दुधानी धुवायचा, मोजून ठेवायचा, नवी मेढ त्याच खड्ड्यान. मी एकदा काढलंय. सात हाईत. समजला?"

मालनने मान हलवली.

कचेरीत आधी कुणीतरी खोकलं, मग सगळे हसले. वास्तुपुरुषाच्या जागी केसांचे आकडे! आमचा शिपाई धाकूसुद्धा हसला, आणि तो सरकारी खर्चाने फारसा हसत नसे.

"जिच्याजवळ पैसा नाही तिच्या केसात चांदी!" हरिहरराव म्हणाले. "ऐकताय ना, रावसाहेब?"

सखुबाईचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. घराण्याची पिढ्यान्पिढ्या झाकलेली गरिबी तिने नुकतीच चारचौघांत उघडी केली होती. पण ती खांबाची टेकण सोडून सरळ उभी राहिली.

"हसा. हसून झाला का मंग येऊन बगा."

बघायचं कसं, असा रावसाहेबांना प्रश्न पडला. सगळं घर खणलं तर प्रकरणाचा निकाल लागण्याआधी घराचा लागणार. तेव्हा मी गुरुदत्तच्या यंत्राबद्दल बोललो. रावसाहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला. गुरुदत्तने तो चौकट करून भिंतीवर लावायचं ठरवलं. सरकारने त्याच्या यंत्राला पहिल्यांदाच काम दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही बाळकुमला गेलो. गावातले पुरुष मिठागरावर होते, दगडूही. सखुबाईने भांडीकुंडी, विळी, कोयता सगळं अंगणात काढून ठेवलं होतं. मालनने जोडवी काढून आंब्याच्या ढोलीत ठेवली होती. गुरुदत्तने डब्या कानांना लावल्या आणि यंत्र चालू करताच दचकून मागे सरला.

"काय आहे?" रावसाहेबांनी विचारलं.

"हरिहरराव आहेत," गुरुदत्त म्हणाला. त्यांच्या खिशात घड्याळ, साखळी आणि किल्ल्यांचा जुडगा होता. त्यांना वीस पावलं लांब उभं राहायला सांगण्यात आलं. आपल्याच जमिनीवर आपल्यालाच बाजूला काढतात, असं ते धाकूला सांगत राहिले. धाकू बिचारा मान डोलावत होता.

गुरुदत्त आग्नेय कोपऱ्यात थाळी फिरवू लागला. आतून फिरवली, बाहेरून फिरवली. मग डब्या रावसाहेबांच्या कानांना लावल्या, मग माझ्या. डास शांतपणे गुणगुणत होता. भिंतीला लागून, भिंतीपासून हात लांब, दोन हात लांब. तेच.

"काही नाही," रावसाहेब म्हणाले.

"चोरलं!" वीस पावलांवरून उत्तर आलं. "राखणदारच चोर निघाले. ह्यांनीच काढून विकलं!"

हे मात्र अशक्य नव्हतं. कोपरा मुका होता एवढंच सिद्ध झालं होतं. रावसाहेबांनी सुस्कारा टाकला आणि चुलीपाशी बोट दाखवलं.

मधल्या मेढीच्या बुडाशी थाळी गेली मात्र, गुरुदत्तने दोन्ही हातांनी कानांवरच्या डब्या उपटल्या. त्या किंचाळत असलेल्या आम्हाला दारातूनही ऐकू येत होत्या. पाच वर्षं नाल आणि खिळे शोधणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. तो खाली बसला आणि हाताने माती उकरू लागला.

"ऊठ!" सखुबाई ओरडली. "मेल्या, हात लावू नको!"

"अहो, काढायला नको का?"

"काढायचा तं सुनेनी. पुरुसानी बगायचा नाय."

"बाई, मला पाहावं तर लागेल," रावसाहेब म्हणाले. "मी न पाहता काय लिहू?"

सखुबाईने विचार केला. तिला नियम मोडायचा नव्हता आणि घरही सोडायचं नव्हतं. दोन्ही एकदम सांभाळायचं तर नियमाला थोडी हालचाल करावी लागणार होती. "तू सरकार म्हनून बग," ती शेवटी म्हणाली. "पुरुस म्हनून बगू नको."

रावसाहेबांनी हे मान्य केलं. नोकरीत तीस वर्षं ते तेच करत आले होते.

धाकूने आणि गुरुदत्तने आड्याला टेका दिला आणि मेढ खड्ड्यातून काढून बाजूला तिरकी टेकवली. मग सगळ्या पुरुषांनी खाडीकडे तोंडं केली. मालनने लुगड्याचा आडपडदा बांधला. मागून माती उकरल्याचा आवाज आला, मग तांब्यावर खुरपं लागल्याचा. मग दूध ओतल्याचा. मग पडद्याच्या कडेने सखुबाईचा हात बाहेर आला. तळहातावर दुधाने धुतलेले सात आकडे होते.

बोटाएवढी चांदीची तार, मधोमध दुमडलेली. दिसायला अगदी केसांचा आकडा. रावसाहेब वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी जो आवाज काढला तो सरकारचा नव्हता.

"अहो, हे आकडे नाहीत," ते म्हणाले. "ही नाणी आहेत! लाऱ्या! ही बघा तारेवर फारसी अक्षरं ठोकलेली आहेत. विजापूरच्या बादशाहीतलं हे बंदरावरचं चलन. तीनशे वर्षं झाली. मी पुस्तकात चित्र पाहिलंय फक्त. खरी लारी मी अजून हातात... बाई, तुमच्या म्हातारीजवळ पैसा होता!"

सखुबाईचा हात तसाच राहिला. तीनशे वर्षं घरातल्या सुना एका केस सोडलेल्या गरीब बाईची गोष्ट कुजबुजत आल्या होत्या, आणि त्या बाईच्या हातात बंदराची रोकड होती. हसावं की रागवावं हे सखुबाईला ठरवता येईना. "मंग केस कशाला सोरलं तिनी?" ती स्वतःशीच पुटपुटली. ह्याचं उत्तर रावसाहेबांच्या पुस्तकात नव्हतं.

वीस पावलांवरचे हरिहरराव एव्हाना दोन पावलांवर आले होते.

"ह्या दुर्मिळ आहेत म्हणता?"

"फार."

"किंमत?"

"शौकिनाने द्यावी तेवढी."

"मग हे गुप्तधन झालं," हरिहरराव म्हणाले, आणि त्यांचा दुप्पट कायदा जागा झाला. "गुप्तधनाचा कायदा स्पष्ट आहे. मालक अज्ञात असेल, तर सापडवणाऱ्याला तीन वाटे आणि जमीनमालकाला एक वाटा. जमीन माझी आहे. चौथा हिस्सा मी आत्ताच मागतो. लिहून घ्या."

रावसाहेबांचा आवाज पुन्हा मऊ झाला. "मालक अज्ञात? पुरलं कोणी मग?"

"कुणास ठाऊक! तीनशे वर्षांपूर्वीचं."

"तुमच्या आजोबांनी नाही?"

"आजोबांचा काय संबंध? आजोबा नव्वद साली वारले. त्यांनी बादशाहीतली नाणी कुठून आणायची? आणि शिवाय..." हरिहरराव थांबले. रावसाहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी लिहीत होतो.

"शिवाय काय?" रावसाहेबांनी विचारलं.

शिवाय काही नव्हतं. चौथ्या हिश्श्यासाठी त्यांनी सगळं घर दिलं होतं.

राहता राहिला सापडवणारा. सगळ्यांनी गुरुदत्तकडे पाहिलं. तीन वाटे त्याचे होऊ शकत होते. तो पेटीचे पट्टे चाचपत उभा होता. प्रमोदिनीला काय सांगायचं ह्याचा हिशोब त्याच्या कपाळावर दिसत होता. तेवढ्यात सखुबाई पडद्यामागून बाहेर आली.

"सापरलं?" ती म्हणाली. "हरवलं कवा व्हतं रं? परवा कचेरीन बोल्लंय ना मी, कुठं हाय, किती हाय, कशान हाय? मना ठावं व्हतं, माजे सासूला ठावं व्हतं. तुजे यंत्रालाच ठावं नव्हतं."

गुरुदत्तने थोडा विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मला काही सापडलेलं नाही. मी नुसता ऐकायला आलेलो." पाच वर्षांत त्याने उच्चारलेलं हे सर्वांत महागडं वाक्य होतं. प्रमोदिनीला ते पुढे कित्येक वर्षं तोंडपाठ होतं.

रावसाहेब मात्र त्या तळहातावरून नजर हलवू शकत नव्हते. "बाई," ते म्हणाले, "सरकारी नियम बाजूला ठेवा. मुंबईला वस्तुसंग्रहालय आहे. मी शब्द टाकला तर एवढे पैसे मिळतील की विटांचं घर होईल."

"कुठं?"

"कुठेही."

"मना हिकरंच पायजे. न् हिकरं मेढ रोवायची तं खाली चांदी पायजे. ही इकून दुसरी चांदी घेऊ? माजे सुनेनी तिचे सुनेला काय सांगायचा? सखुबाईनी मेढीखालचा काढून इकला?"

"बरं, एक तरी द्या," रावसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आता मामलेदार उरलाच नव्हता. खणातल्या डबीसमोरचा माणूस बोलत होता. "नमुना म्हणून. प्रकरणाला जोडतो. सहा खाली राहतील."

"कचेरीन मी किती बोल्लंय?"

"सात."

"मंग सहा ठेवलं तं मी लबाड ठरंन. न् माजे मागं जी येईल ती मोजील, तिला सहा गावतील, तं ती बोलंल, सासू चोर व्हती." तिने मूठ मिटली. "नाय. एक बी नाय. तुला नाय, याला नाय, म्युझमला नाय. कायदा करा, तुरुंगान टाका. मेढ रोवल्याबिगर मी हलनार नाय."

तिने मूठ मिटली तेव्हा रावसाहेबांचे डोळे तिच्याबरोबर मिटल्यासारखे वाटले. मग त्यांनी पगडी काढून धाकूच्या हातात दिली आणि बाह्या वर सारल्या.

"चला. टेका हलतोय. मेढ लावून घेऊ."

टेका खरंच हलत होता. हरिहरराव वाटेला लागले होते, गावातले पुरुष मिठागरावर, आणि आडं जड. एका बाजूला रावसाहेब, दुसऱ्या बाजूला मी, मेढीला धाकू आणि यंत्र पाठीवर तसंच घेतलेला गुरुदत्त.

"डोले मिटा," सखुबाई म्हणाली. आम्ही मिटले.

"लिहा," अंधारात रावसाहेब मला म्हणाले. "पुरलेल्या वस्तू कुणाच्या, कुणी पुरल्या आणि किती, हे आधीपासून ठाऊक होतं. म्हणून हे गुप्तधन नव्हे. घर प्रतिवादीच्या वाडवडिलांनी बांधलेलं आहे. अर्ज नामंजूर."

"रावसाहेब, माझे दोन्ही हात आड्याला आहेत."

"मग पाठ करा."

मी पाठ करू लागलो. खाली तांब्यात चांदी पडल्याचे आवाज येत होते. ते सात होते, हे मी शपथेवर सांगू शकतो, जरी ते मी पुरुष म्हणून ऐकले नाहीत. माती ढकलली गेली. मेढ आमच्या हातांतून सरकत खाली बसली आणि आड्याचा भार खांद्यावरून उतरला. सखुबाईने बुडाशी पायाने माती दाबली, एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा.

"उघडा डोले," ती म्हणाली. "आता भाईर व्हा सगली. माज्या घरान मना रांधायचा हाय."